नागरिकशास्त्राच्या पेपरात एकदा फॉरवर्ड येऊ द्या

घरात कुणी दहावीला असेल तर त्याचं इतिहास आणि राज्यशास्त्राचं पुस्तक जरा मागून घ्या, राज्य मंडळाचं, २०१८ ला बदललं ते, आणि त्यातला प्रसारमाध्यमांवरचा धडा उघडा. त्यात एक छोटीशी गोष्ट दिलीय, जर्मनीतल्या स्टर्न नावाच्या साप्ताहिकाला हिटलरच्या हस्ताक्षरातल्या डायऱ्या मिळाल्याची. हे झालं १९८३ मध्ये. प्रचंड पैसे मोजून त्या डायऱ्या घेतल्या गेल्या, दुसऱ्या देशांतल्या मोठ्या वर्तमानपत्रांनी छापायचे हक्क घेतले, ट्रेव्हर-रोपर नावाच्या नामांकित इतिहासकारानं आधी त्या खऱ्या असल्याचं सांगितलं, आणि मग कागद लॅबमध्ये गेला तेव्हा कळलं की त्या कागदात महायुद्धानंतर वापरात आलेलं केमिकल आहे, म्हणजे हिटलर मेल्यानंतरचा कागद! सगळ्या डायऱ्या एका माणसानं बसून लिहिलेल्या बनावट वह्या होत्या. लॅबचा हा सगळा तपशील पुस्तकात नाहीये, तिथं दोन-चार ओळीच आहेत, पण गोष्ट आहे, आणि पंधरा वर्षांच्या मुलासमोर ती ठेवावी असं ज्या कुणाला सुचलं त्या माणसाला माझा मनापासून नमस्कार.

आता त्याच धड्याच्या स्वाध्यायात प्रश्न काय आहे ते बघा. प्रसारमाध्यमांतून मिळणाऱ्या माहितीचं चिकित्सक आकलन करून घ्यावं लागतं, हे विधान सकारण स्पष्ट करा. याचं उत्तर गाईडमध्ये मुद्द्यांसकट तयार असतं, क्लासमध्ये त्याच्या नोट्स मिळतात, मुलं ते पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि पूर्ण मार्क घेऊन बाहेर पडतात. माहिती तपासून का घ्यावी याचं उत्तर मूल एकदाही काही न तपासता देतं आणि आपण त्याला पास म्हणतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण इथं पुस्तक कमी पडलेलं नाही, पुस्तक लिहिणाऱ्यांनी त्यांचं काम केलंय, आपण ते परीक्षेत मारून टाकलंय. म्हणून माझं म्हणणं आहे की नवीन विषय नको, नवीन पुस्तक नको, पेपर बदला. मुलांनी कधी न पाहिलेला मजकूर त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, हे खरं आहे का, कशावरून ठरवाल, कुठे जाऊन बघाल.

याची घाई का आहे तर राईनपाड्यासाठी. धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत तिथं आली होती, आणि त्या भागात आधीच मोबाईलवर मुलं पळवणारी टोळी फिरतेय म्हणून मेसेज आणि व्हिडिओ चालू होते. संशय आला, गर्दी जमली, पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मरेपर्यंत मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत. सहावीच्या नागरिकशास्त्रात ज्या संस्थेवर आख्खा धडा आहे त्याच संस्थेच्या चार भिंतींत. त्या दिवसांत देशात ठिकठिकाणी असे बळी जात होते आणि जे व्हिडिओ फिरत होते त्यातला एक तर कराचीतल्या एका संस्थेनं मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेली जनजागृतीची फिल्म होती, तिचा शेवट, जिथं मूल परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात, तो कापून टाकलेला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. कंपनीनं बटण बदललं, पोलिसांनी गुन्हे दाखल केले, शाळेनं काय बदललं? त्या गर्दीतले कितीतरी जण शाळेत गेलेले असणार, मूलभूत हक्क लिहा या प्रश्नाला त्यांनी जीविताचा हक्क लिहिलेला असणार. हे वाक्य लिहिताना मला त्रास होतोय पण ते लिहायलाच पाहिजे.

लोक म्हणतात हे कॉम्प्युटरच्या तासाला शिकवा, फोटो उलटा सर्च कसा करायचा, म्हणजे तो आधी कुठं आलाय ते कसं शोधायचं, ते दाखवा, झालं. नाही होत तेवढ्यानं. एक उदाहरण घ्या. २०१९ च्या लोकसभेच्या वेळी एक मेसेज सगळ्या फॅमिली ग्रुपवर येऊन गेला आणि नंतरही येतच राहिला, की मतदार यादीत तुमचं नाव नसेल तर घाबरू नका, आधार कार्ड दाखवा आणि कलम ४९ अ खाली चॅलेंज व्होट मागा, तुमचं मत आधीच कुणी टाकून गेलं असेल तर टेंडर व्होट मागा, आणि एखाद्या बूथवर १४ टक्क्यांपेक्षा जास्त टेंडर व्होट पडली तर तिथं फेरमतदान होतं. आता यात टेंडर व्होट खरं आहे, निवडणूक नियमांत १९६१ पासून त्याची तरतूद आहे, तुमच्या नावावर कुणी मत टाकलं असेल तर तुम्हाला वेगळी मतपत्रिका मिळते. पण यादीत नाव नसताना आधारवर मत देता येतं हे साफ खोटं, आणि १४ टक्क्यांचा असा कुठलाही नियम नाही. हे फोटो उलटा सर्च करून कळणार नाही, कारण यात फोटोच नाहीये! हे ज्याला मतदार यादी काय असते, ती कोण बनवतं, नाव नोंदवायचा फॉर्म ६ निवडणुकीच्या कितीतरी आधी का भरावा लागतो हे माहितीय त्यालाच खटकणार. दहावीच्या राज्यशास्त्रात निवडणूक प्रक्रिया नावाचा धडा आहे, त्याचा खरा उपयोग इथं आहे. मतदानाच्या दिवशी आधार घेऊन बूथवर गेलेला आणि यादीत नाव नाही म्हणून चिडून परत आलेला माणूस नुसता फसत नाही, त्याचं मत जातं.

तसंच "सरकारनं उद्यापासून नवा कायदा लागू केला" टाईपचे मेसेज. विधेयक, दोन सभागृहं, राष्ट्रपतींची सही, राजपत्र, हे सगळं मुलं आठवीत संसदेच्या भागात वाचतात, टप्पे क्रमानं लिहा म्हणून प्रश्नही येतो. पण कुणी त्यांना सांगत नाही की हे टप्पे म्हणजेच तपासायची यादी आहे, विधेयक कधी मांडलं, पास कधी झालं, राजपत्र कुठंय, शासन निर्णय (जीआर) असेल तर महाराष्ट्र शासनाच्या साईटवर त्याचा क्रमांक आणि तारीख कुठंय. जीआर शोधून काढणं हे काम दहावीतल्या मुलाला एका तासात शिकवता येतं आणि ते त्याला आयुष्यभर पुरतं, शेतकऱ्याच्या घरातलं मूल असेल तर पुढच्याच महिन्यात बापाला अनुदानाचा मेसेज खरा की खोटा ते सांगेल.

आणि आपल्याकडं तर या सगळ्यासाठी बाहेरून उदाहरणं आणायचीही गरज नाही, शिवचरित्रातच इतकं पडलंय. महाराजांचा जन्म १६२७ चा की १६३० चा यावर दरवर्षी फेब्रुवारीत ग्रुपवर भांडणं होतात, तिथी की तारीख यावर तर विचारूच नका. पण हा वाद मुळात पुढं कसा सरकला ते किती मुलांना माहितीय? जेधे घराण्याच्या वंशजांकडून जेधे शकावली, म्हणजे घटनांच्या तारीखवार नोंदींचा जुना कागद, मिळाली, लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये ती प्रसिद्ध केली, त्यात फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १६३०, अशी नोंद निघाली, महाराजांच्याच काळातल्या कवींद्र परमानंदांच्या शिवभारत या काव्यातही तोच काळ निघाला, तिकडं जोधपूरला सापडलेली कुंडलीही जुळली, म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेली साधनं एकच गोष्ट सांगायला लागली तेव्हा अभ्यासकांनी मत बदललं, आणि पुढं शासनानंही १९ फेब्रुवारी १६३० धरली. चित्राचंही तेच. कितीतरी वर्षं इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच सरदाराचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं, इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी जुन्या डच कागदपत्रांतलं चित्र शोधून पुढं आणलं तेव्हा महाराष्ट्राला महाराजांचा चेहरा कळला. आज आपण ज्याला फॅक्टचेक म्हणतो ते इंटरनेट नसताना हयात घालवून करणारी माणसं आपल्या मातीत होऊन गेली, इतिहास संशोधक वि. का. राजवाडे गावोगाव दप्तरं शोधत फिरले आणि १८९८ पासून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधनं खंडामागून खंड छापली, कारण त्यांचा आग्रहच होता की अस्सल कागद दाखवा, नुसती दंतकथा नको. दहावीच्या पुस्तकात राजवाड्यांचं नाव आहे. पण मुलांसमोर कधी दोन कागद ठेवून, यातला कुठला जास्त भरवशाचा आणि का, असं विचारलं जात नाही. महाराजांवर जीव असलेल्या मुलाला यापेक्षा जास्त रस कशात वाटेल? जयंतीच्या आठवड्यात हा एक तास घ्या, बघा वर्ग कसा जिवंत होतो ते.

कुणी म्हणेल हे सगळं ऐकायला छान, शिकवून फरक पडतो का? पडतो, पण कसं शिकवता त्यावर. बिहारमध्ये याचे दोन अभ्यास झालेत आणि ते शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. सुमित्रा बद्रीनाथन या अभ्यासकानं २०१९ च्या निवडणुकीच्या वेळी बाराशेच्या आसपास मोठ्या माणसांवर प्रयोग केला, घरी जाऊन तासभर बसून खोटी बातमी कशी ओळखायची ते शिकवलं, आणि एकंदरीत बघितलं तर फरक पडलाच नाही. मग त्याच आणि आणखी काही अभ्यासकांनी नंतर बिहारमध्येच ५८३ गावांतल्या १३,५०० मुलांवर काम केलं, आठवी ते बारावीची मुलं, वर्गात बसवून, काही आठवडे, पुन्हा पुन्हा. तिथं फरक पडला. मुलांना खरं-खोटं जास्त नीट ओळखता यायला लागलं, चार महिन्यांनी परत बघितलं तरी ते टिकलेलं होतं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते म्हणजे त्यांच्या आईवडिलांमध्येही सुधारणा दिसली, ज्यांना कुणी काही शिकवलंच नव्हतं. म्हणजे एक दिवसाची कार्यशाळा, एक पाहुणा, एक पीपीटी आणि शेवटी सर्टिफिकेट हे जे आपल्याकडं चालतं त्यातून फार काही निघत नाही, ते वेळापत्रकात यावं लागतं, गणितासारखं, रोजचा विषय म्हणून. केरळात कण्णूर जिल्ह्यात २०१८ ला तिथल्या कलेक्टरनी दीडशेच्या आसपास सरकारी शाळांत सत्यमेव जयते नावानं असे तास सुरू केले होते, त्याच्या आधी गोवर-रुबेलाच्या लसीवरून तिथं अफवा पसरल्या होत्या आणि पालक मुलांना लस द्यायला तयार नव्हते. एका जिल्ह्याचा अधिकारी मनावर घेऊन हे करू शकतो, आपल्याकडं तर आख्खं राज्य मंडळ आहे.

शिकवायचं काय हेही फार अवघड नाहीये. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लोकांनी २०१७ मध्ये एक साधा प्रयोग केला, १० इतिहासाचे पीएचडी, १० व्यावसायिक फॅक्टचेकर आणि स्टॅनफर्डचेच २५ विद्यार्थी, सगळ्यांना अनोळखी वेबसाईट दिल्या आणि भरवशाच्या आहेत का ते ठरवायला सांगितलं. पीएचडीवाले आणि विद्यार्थी तीच साईट वरून खालपर्यंत नीट वाचत बसले, लोगो बघितला, भाषा बघितली, आणि बरेच जण फसले. फॅक्टचेकरनी साईट नुसती चाळली, लगेच दुसरी टॅब उघडली आणि या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते आधी बघितलं, आणि त्यांना कमी वेळात बरोबर उत्तर मिळालं. नीट वाचणं पुरेसं नाही, उठून शेजारी विचारून येणं लागतं. आपण मुलांना शाळेत नेमकं उलटं शिकवतो, दिलेला उतारा लक्षपूर्वक वाचा आणि त्याच्याच आधारे उत्तर लिहा. उताऱ्याबाहेर बघितलं तर ती कॉपी.

आता शिक्षकांचं. मला पहिला मेसेज त्यांचाच येणार आहे आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम त्यांच्याकडं, सर्वेक्षण त्यांच्याकडं, निवडणूक ड्युटी त्यांच्याकडं, रोज नवीन लिंक भरायची, त्यात पोर्शन संपवायचा, आणि वरून आम्ही म्हणायचं की आता फॉरवर्डही तपासायला शिकवा. म्हणूनच मी परत परत पेपरवर येतोय. पेपरात जे येत नाही ते शिक्षकानं जीव तोडून शिकवलं तरी पालक विचारतात की सर पोर्शन कधी संपणार. पेपरात ते आलं की शिक्षकाला वेळ काढायची परवानगी मिळते, क्लासवाल्यांनाही ते घ्यावं लागतं. इतिहास-राज्यशास्त्राचा ४० मार्कांचा पेपर आहे, त्यात ५ मार्कांचा एक प्रश्न, न पाहिलेल्या मजकुरावर. भूगोलातही एक घ्या, नकाशा किंवा पावसाचा आलेख चुकीचा अक्ष लावून द्या आणि कुठं दिशाभूल होतेय ते ओळखायला सांगा. आणि सामाजिक शास्त्रांचे जे २० अंतर्गत मार्क आहेत, ज्याची वही बऱ्याच ठिकाणी एकमेकांची बघून पूर्ण होते, त्यातले १० या कामाला द्या.

दुसरी भीती आहे ती जास्त खरी आहे आणि कमी बोलली जाते. शिक्षक घाबरतात. एखाद्या नेत्याचा व्हिडिओ वर्गात तपासला आणि तो खोटा निघाला तर संध्याकाळी गावातले कार्यकर्ते शाळेच्या दारात येतील, हे त्यांना माहिती असतं. याला माझ्याकडं पूर्ण उत्तर नाहीये, पण सुरुवात कुठून करायची ते आहे, आरोग्याच्या अफवा, नोकरीच्या खोट्या जाहिराती, स्कॉलरशिपच्या लिंका, पाण्याचे, पावसाचे, भूकंपाचे मेसेज. बिहारच्या अभ्यासात आरोग्याच्या बातम्यांवर भर होता आणि तरी मुलांना राजकीय खोटं ओळखायलाही त्याचा उपयोग झाला. सवय एकदा हाताला बसली की ती विषय बघत नाही. आणि मंडळानं एक लेखी परिपत्रक काढावं की वर्गात माहिती तपासणं हा अभ्यासक्रमाचा भाग आहे, म्हणजे उद्या कुणी दारात आलं तर मुख्याध्यापकाच्या हातात कागद असेल. संविधानाचं अनुच्छेद ५१ क, मूलभूत कर्तव्यं, प्रत्येक पाठ्यपुस्तकात सुरुवातीलाच छापलेलं असतं, त्यात वैज्ञानिक दृष्टिकोन आणि जिज्ञासूवृत्ती अंगी बाळगणं हे कर्तव्य म्हणून दिलंय. त्या शिक्षकाला तेवढं तरी पाठबळ मिळालं पाहिजे.

तिसरं, काही जण म्हणतात मुलांना सगळ्यावर शंका घ्यायला शिकवलं तर ती कशावरच विश्वास ठेवणार नाहीत. हे मी गांभीर्यानं घेतो, कारण "सगळेच खोटं बोलतात, सगळेच चोर" म्हणणारा माणूस मी रोज बघतो आणि तोसुद्धा कधीच काही तपासत नाही. त्याला लस पण खोटी वाटते, मतमोजणी पण आणि हवामान खात्याचा इशारा पण. तपासायला शिकवणं म्हणजे कशावर विश्वास ठेवावा हेही शिकवणं, अस्सल कागदावर, नाव आणि तारीख देणाऱ्यावर, चूक झाली तर दुरुस्ती छापणाऱ्यावर. बेंद्र्यांनी आधीचं चित्र खोटं म्हणून नुसतं फाडलं नाही, खरं शोधून आणलं.

आणि हे काम आपल्यासाठी दुसरं कुणी करणार नाहीये. केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये आयटी नियम बदलून, सरकारी कामकाजाबद्दल काय खोटं ते सरकारचंच फॅक्टचेक युनिट ठरवेल अशी तरतूद केली होती, मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये ती रद्द केली. मला तो निकाल पटतो, खरं काय ते सरकारनं ठरवू नये, पण मग ते ठरवायची ताकद नागरिकाकडं हवी ना. नसेल तर जो मोठ्यानं बोलेल तो ठरवेल.

नुसतं खोटं ओळखणं हे अर्धंच काम आहे. उरलेलं अर्धं म्हणजे खरं मागून घेणं. महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा कायदा देशाच्या कायद्याच्या आधी आला, २००२ ला, त्यामागं आंदोलनं होती, अण्णा हजारेंची उपोषणं होती, आणि मग २००५ चा केंद्राचा कायदा आला. १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर, नाही मिळालं तर अपील. आपल्या राज्याच्या नियमात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत लिहायचा असतो. दीडशे शब्दांत नेमका प्रश्न विचारणं हे लिहायला बसलात तर कळेल किती अवघड आहे. "आमच्या रस्त्याचं काय झालं" असं विचारलं की उत्तर येत नाही, कुठला रस्ता, कुठल्या वर्षी, मोजमाप पुस्तिकेची प्रत द्या, ठेकेदाराला दिलेल्या बिलाची प्रत द्या, असं विचारलं की यावं लागतं. दहावीच्या मराठीत पत्रलेखन आहेच, मुलं वर्षानुवर्षं रोपं मागवायची आणि पुस्तकं मागवायची मागणीपत्रं लिहितायत, त्यातलं एक माहिती अधिकाराचं होऊ द्या की.

आणि गावातल्या शाळांना तर एक सोय आयतीच आहे. ग्रामसभा ज्या दिवशी घेतात त्यातले दोन दिवस १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी. त्या दिवशी मुलं झेंड्याला शाळेत येतातच, भाषणं होतात, खाऊ मिळतो आणि घरी जातात. नववी-दहावीच्या मुलांना आठ दिवस आधी ई-ग्रामस्वराजच्या साईटवर आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा काढायला सांगा, कुठल्या कामाला किती पैसे धरलेत, किती खर्च दाखवलाय, मग शिक्षकांबरोबर जाऊन ते काम बघू द्या, गटार झालंय का, अंगणवाडीला रंग दिलाय का, वॉटर फिल्टर चालू आहे का, आणि झेंडा झाला की ग्रामसभेत मागं बसू द्या. बोलायचा हक्क मतदाराला आहे, मुलांनी फक्त ऐकायचं, कोरम झाला का, इतिवृत्त वाचलं का, प्रश्नाला उत्तर काय मिळालं ते लिहून घ्यायचं. शहरात असाल तर वॉर्डाचं बजेट घ्या. २०२२ पासून मुंबईसकट कितीतरी महापालिकांत वर्षानुवर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार बघत होते, आणि त्या वर्षांत मुलं पुस्तकात नगरसेवकांची मुदत पाच वर्षं असं लिहून मार्क घेत होती, तर त्या काळात आपल्या वॉर्डाचा निर्णय कुणी घेतला हे शोधून काढणं हाच केवढा मोठा प्रोजेक्ट होतो. यातून जी वही तयार होईल ती कुणाची बघून लिहिता येणार नाही, कारण प्रत्येक गावाचं उत्तर वेगळं. तिला १० मार्क द्या, आणि शेवटच्या पानावर सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांनी मुलाच्या एका प्रश्नाला दिलेलं उत्तर त्यांच्या सहीसकट येऊ द्या.